साफसफाईनंतर कॉम्प्युटर जास्त का तापतो?

लोकलच्या गर्दीत ज्यांना नीट ऐकू येत नाही, किंवा स्क्रू ड्रायव्हर हातात धरून ऐकताना ज्यांना सारखं मागे जावं लागतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय.

दिवाळी जवळ आली की घरातले पंखे पुसले जातात, पोटमाळे रिकामे होतात आणि कुणीतरी म्हणतं, “त्या कॉम्प्युटरची पण धूळ काढ रे.” मग कॅबिनेट उघडलं जातं, फॅन निघतो, ब्रश फिरतो, सगळं चकाचक होतं. परत जोडून चालू केलं की दहा मिनिटांत मशीन घोंघावायला लागतं, गेम अडकतो, कधी स्क्रीन काळी होऊन सगळं बंदच पडतं. आधी धूळ होती तेव्हा नीट चालत होतं आणि आता स्वच्छ केल्यावर तापतंय! मग घाबरून दुकानात न्यायचं आणि तिथे ऐकायचं, “प्रोसेसर गेला, बोर्डपण बदलावा लागेल.”

थांबा. खिशात हात घालायच्या आधी हा भाग वाचा. कालपर्यंत चालणारा प्रोसेसर फक्त धूळ झटकल्यामुळे मरत नाही. साफसफाईनंतर तो तापत असेल, तर बहुतेक वेळा बिघाड चिपच्या आत नसून आपण काढून परत बसवलेल्या वस्तूंमध्ये असतो. आणि तो नेमका कुठे आहे, हे शोधायला एक सोपी युक्ती आहे. तापमान किती चढलं एवढंच बघू नका, ते किती वेळात चढलं हे बघा.

उष्णतेचा रस्ता

प्रोसेसर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होते. घरातल्या साध्या डेस्कटॉपचा प्रोसेसर ६५ वॉटचा धरू. म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बएवढी उष्णता, पण नखाएवढ्या जागेत. ही उष्णता चिपमधून वरच्या धातूच्या झाकणात येते. तिथून थर्मल पेस्टमधून हीटसिंकमध्ये, हीटसिंकच्या पात्यांतून हवेत, आणि फॅनने ढकललेली ती हवा कॅबिनेटबाहेर खोलीत. या रस्त्यावर कुठेही अडथळा आला की मागे गर्दी साचते. दादरला पूल बंद झाला की प्लॅटफॉर्मवर काय होतं, तेच.

आता यातली पेस्ट कशाला? झाकण आणि हीटसिंक हाताला कितीही गुळगुळीत लागले, तरी दोन्हींवर बारीक खड्डे असतात. ते नुसते एकमेकांवर ठेवले तर मध्ये हवा अडकते, आणि हवा उष्णतेच्या बाबतीत एक नंबरची आळशी. उष्णता वाहून नेण्याचं माप घेतलं, तर तांबं साधारण ४००, ॲल्युमिनियम २३७ च्या आसपास, आणि हवा फक्त ०.०२६. चांगली पेस्ट या मापावर पाच-दहाच्या घरात असते. म्हणजे हवेपेक्षा शेकडो पट चांगली, पण धातूपेक्षा कितीतरी वाईट. म्हणून पेस्टचं काम भिंतीच्या लांबीसारखं आहे. खड्डे भरायचे, थर चढवायचा नाही. पेस्ट नसेल तरी वाईट आणि लोण्यासारखी थापली तरीही नुकसान.

सेकंद की मिनिटं?

आता ती युक्ती. थोडं गणित आहे, पण पाचवीतलं.

प्रोसेसरवरचं तांब्याचं झाकण तीस ग्रॅमचं धरू. ते एक अंशाने तापवायला साधारण बारा ज्यूल लागतात. प्रोसेसर सेकंदाला ६५ ज्यूल ओततोय. म्हणजे हीटसिंक नीट टेकलेलाच नसेल, तर तापमान सेकंदाला पाच-सहा अंशांनी वर जाईल. चाळीसवरून नव्वदला पोचायला दहा सेकंद पुरतात.

याउलट हीटसिंक छान टेकलाय, पण फॅन बंद आहे किंवा हवा कोंडलीये असं समजा. ॲल्युमिनियमचा हीटसिंक तीनशे ग्रॅमचा धरला, तर त्याला एका अंशासाठी २७० ज्यूल लागतात. म्हणजे एक अंश चढायला सुमारे चार सेकंद. तोच चाळीस ते नव्वदचा प्रवास इथे तीन मिनिटांच्या वर जातो.

हे आकडे ढोबळ आहेत, तुमच्या मशीनचे वेगळे येतील. पण फरक वीसपट आहे, म्हणून तो घड्याळावर स्वच्छ दिसतो. काम सुरू होताक्षणी दहा-वीस अंशांची पहिली उडी प्रत्येक प्रोसेसर मारतो, तिला घाबरू नका. त्यानंतर काय होतं ते बघा. काही सेकंदांतच आकडा छताला टेकला, तर दोष प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधल्या जोडात. हळूहळू मिनिटामिनिटाने चढत गेला, तर दोष हवेच्या वाटेत.

खात्रीसाठी हाताची मदत घ्या. आकडा नव्वद दाखवतोय आणि हीटसिंकची कड हाताला जेमतेम कोमट लागतेय, तर उष्णता तिथपर्यंत पोचतच नाहीये. हीटसिंकपण चटका देतोय, तर ती पोचलीये पण बाहेर पडत नाहीये. बोट कडेला लावा, फॅनच्या पात्यांपासून लांब, आणि हळूच.

आधी मोजा, मग उघडा

मोजायला विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्पसारखी फुकट सॉफ्टवेअर्स आहेत. विंडोज चालू होईपर्यंत मशीन टिकतच नसेल, तर चालू करताना डिलीट किंवा एफ टू दाबून बायोसमध्ये जा. तिथे प्रोसेसरचं तापमान आणि फॅनचा वेग दोन्ही दिसतात. रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी थेट बायोसमध्ये चालू करा आणि मोबाइलवर त्या पानाचा पाच मिनिटांचा व्हिडिओ काढा. हा व्हिडिओ पुढे दुकानातही कामाला येईल. एक लक्षात ठेवा, बायोसमध्ये प्रोसेसर पूर्ण आराम करत नाही, त्यामुळे तिथे पंचेचाळीस-पन्नास दिसले तर ते सहसा ठीक असतं.

सोबत खोलीचं तापमानही लिहून ठेवा. आपल्या उपनगरात हे फार महत्त्वाचं आहे. कूलर हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त खोली आणि प्रोसेसरमधलं अंतर कमी ठेवतो. खोली दहा अंशांनी तापली, तर प्रोसेसरही साधारण दहा अंशांनी वर सरकतो. बोरिवलीत नॅशनल पार्कच्या बाजूला जानेवारीच्या पहाटे खोलीत वीस-बावीस अंश असतील, आणि त्याच खोलीत मेच्या दुपारी चौतीस. जानेवारीत साठवर चालणारं मशीन मे महिन्यात बहात्तर दाखवेल आणि त्यात काहीही बिघडलेलं नसेल. म्हणून तुलना करताना खोलीच्या वर किती अंश, हाच हिशोब ठेवा.

आणि तुमच्या प्रोसेसरची मर्यादा कंपनीच्या वेबसाइटवर बघून घ्या. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची ती १०० अंश आहे. एएमडीच्या २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर तर जड कामात ९५ पर्यंत जायलाच बनवलेत. जुन्या प्रोसेसरने रिकामं बसून ऐंशी दाखवणं मात्र नक्कीच चुकीचं.

आकडा सेकंदांत चढतोय: जोड तपासा

मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत धोकादायक वीज साठून राहू शकते.

आता हीटसिंक दोन बोटांनी हलकेच हलवून बघा. तो जरासाही डुलत असेल तर चोर सापडला. इंटेलसोबत येणाऱ्या गोल कूलरला चार प्लॅस्टिकचे पाय असतात आणि नव्वद टक्के डोकेदुखी त्यांचीच. काढताना प्रत्येक पाय बाणाच्या दिशेने फिरवतो. परत बसवण्याआधी तो उलटा फिरवून मूळ जागी आणावा लागतो, नाहीतर तो आत जातो पण अडकत नाही. मग समोरासमोरचे दोन-दोन पाय एकदम दाबायचे, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत. शक्य असेल तर मदरबोर्डची मागची बाजू बघा. चारही पायांची फाकलेली टोकं सारखीच बाहेर आलेली दिसली पाहिजेत.

मध्यंतरी घाटकोपरच्या एका श्रोत्याने मला असाच बायोसचा व्हिडिओ पाठवला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून तो घराला हातभार लावतो. दुकानात त्याला नवा बोर्ड आणि प्रोसेसर घ्यायला सांगितलं होतं आणि त्याने उधारीची बोलणीसुद्धा सुरू केली होती. व्हिडिओत बारा सेकंदांत आकडा अडतीसवरून सत्त्याऐंशीला गेला होता, आणि फॅन व्यवस्थित फिरत होता. मी एवढंच म्हटलं, बोर्डच्या मागचा फोटो पाठव. चारपैकी तीन टोकं बाहेर आली होती, चौथं आतच होतं. हीटसिंक एका कोपऱ्यात उचलला गेला होता. पाय सरळ केला, पेस्ट नवी लावली, आणि त्याच प्रोसेसरवर त्याने त्या आठवड्यातलं लग्न वेळेत दिलं.

एएमडीच्या कूलरला बऱ्याचदा चार स्प्रिंगचे स्क्रू असतात. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका. गाडीचं चाक बसवतात तसं, समोरासमोर, थोडं-थोडं. आणि एएम फोर किंवा त्याआधीच्या एएमडी बोर्डवर कूलर काढताना विशेष जपा. त्या प्रोसेसरच्या पिना त्याच्या पोटाला असतात. वाळलेल्या पेस्टमुळे कूलर ओढताना प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर काढण्याआधी मशीन काही मिनिटं चालवून पेस्ट कोमट करायची, बंद करायचं, आणि कूलर सरळ न उचलता डावीउजवीकडे हलकेच पिळून सोडवायचा.

आता पेस्ट. एकदा कूलर उचलला की जुनी पेस्ट संपली असंच समजा. तीच परत दाबली तर मध्ये हवेचे फुगे राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणाऱ्या कापडाने दोन्ही बाजू पुसा, पूर्ण वाळू द्या, मग झाकणाच्या मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढा थेंब. पसरायचं काम कूलरचा दाब करतो. टूथपेस्ट, व्हॅसलिन, तूप असले इंटरनेटवरचे प्रयोग नकोत, ते काही दिवसांत वाळतात किंवा वितळून वाहतात. ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर जाण्याचीही गरज नाही, पेस्टची छोटी ट्यूब अंधेरी-मुलुंडच्या कॉम्प्युटरच्या दुकानातही मिळते.

कूलर नवा आणला असेल तर त्याच्या तळाची पारदर्शक प्लॅस्टिकची फिल्म काढलीये ना, हे बघा. हसू नका, ती राहून जाणं जगभर चालतं.

आकडा मिनिटांत चढतोय: हवेची वाट बघा

पहिला प्रश्न, प्रोसेसरचा फॅन फिरतोय का? मदरबोर्डवर फॅन लावायच्या जागा बऱ्याच असतात. प्रोसेसरच्या फॅनची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागी हवी. ती चुकून कॅबिनेटच्या फॅनच्या जागी गेली, तर प्रोसेसर तापला तरी फॅनचा वेग वाढेलच असं नाही. एखादी सैल वायर पात्यात अडकलीये का, तेही बघा.

दुसरा प्रश्न, हवा कुठून कुठे जातेय? साफ करताना कॅबिनेटचे फॅन काढले असतील तर ते उलटे बसण्याची शक्यता मोठी. सहसा समोरून हवा आत आणि मागून बाहेर. काही फॅनच्या कडेवर बाण असतो. नसेल तर एक कागदाचा कपटा धरा, चिकटला तर हवा त्या बाजूने आत ओढली जातेय.

तिसरा प्रश्न, धूळ खरंच निघाली का? आपल्याकडची धूळ कोरडी नसते. एकाच खोलीत स्वयंपाक आणि कॉम्प्युटर असेल तर फोडणीची तेलकट वाफ, वर हवेतली दमट ओल, आणि शेजारी इमारतीचं रिडेव्हलपमेंट सुरू असेल तर सिमेंट. हे सगळं मिळून फॅन आणि हीटसिंकच्या मध्ये नमद्यासारखा थर बसतो. वरून ब्रश फिरवला तर तो निघत नाही, उलट पात्यांमध्ये खोल जाऊन बसतो. फॅन सोडवून आतून बघितल्याशिवाय तो दिसत नाही. हवा मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या जोराने ते मर्यादेबाहेर गरगरलं तर बेअरिंग जातं. हीटसिंक पाण्याने धुतला असेल तर पावसाळ्यात तो वाळायला चांगला दिवसभर द्या.

चौथा प्रश्न, मशीन ठेवलंय कुठे? कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात, मागची बाजू भिंतीला चिकटवून ठेवलं तर ते स्वतःचीच गरम हवा परत ओढतं. कॅबिनेट एक वीतभर पुढे घ्या आणि पुन्हा मोजा.

पाचवी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. साफ करताना मदरबोर्डवरचा गोल सेल काढला असेल तर बायोसच्या सेटिंग मूळ पदावर जातात. तुम्ही किंवा दुकानदाराने आधी ठरवलेला फॅनचा वेग त्यात पुसला जातो. एकदा फॅनचं पान उघडून बघा.

लॅपटॉपवाल्यांसाठी

नियम तेच, जागा कमी. पहिल्यांदा बॅटरीची वायर काढायची. हीटसिंकच्या स्क्रूंच्या शेजारी १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात, त्याच क्रमाने थोडं-थोडं आवळायचं. फॅनची बारीक वायर पूर्ण आत गेली पाहिजे. आणि मेमरीच्या चिपांवर जे मऊ, जाड पॅड असतात, ते फाटले म्हणून त्यांच्या जागी पेस्ट लावू नका. पॅड मिलिमीटरभराची फट भरतो, पेस्ट ती भरू शकत नाही. उलट मूळपेक्षा जाड पॅड लावला, तर हीटसिंक प्रोसेसरवरून उचलला जातो आणि सेकंदांतला चटका परत येतो.

प्रोसेसर खरंच जळतो का?

ही भीती जुनी आहे आणि एके काळी खरीही होती. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या वेबसाइटने चालू मशीनवरून हीटसिंक उचलून दाखवला होता. तेव्हाचा एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून जळला, तर इंटेलचा पेंटियम फोर स्वतःचा वेग कमी करून चालत राहिला. तो व्हिडिओ जगभर गाजला. आजचे प्रोसेसर दोन्ही कंपन्यांचे असोत, मर्यादा आली की आधी वेग कमी करतात आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद पाडतात. तुमचा गेम अडकतो किंवा स्क्रीन काळी होते, तेव्हा ती सहसा प्रोसेसरने स्वतःला वाचवण्याची धडपड असते. म्हणून घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. त्याला रोज या कडेवर ठेवलं तर कामाचा वेग जातो आणि आजूबाजूच्या भागांचं आयुष्यही कमी होतं.

काम अर्ध्यावर आहे आणि दुरुस्ती उद्यावर, असं असेल तर तात्पुरता उपाय सांगतो. हीटसिंक नीट टेकलेला असेल तरच. विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० वरून ९९ टक्के करा. बऱ्याच मशीनवर याने टर्बो बंद होतो, वेग थोडा पडतो आणि तापमान बरंच उतरतं.

आणि हे सगळं करूनही दुकानात जावंच लागलं, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. बायोसचा व्हिडिओ दाखवा. सांगा की इतक्या सेकंदांत इतका आकडा चढतो, फॅन इतक्या वेगाने फिरतो, हीटसिंक हाताला गरम किंवा गार लागतो. मग विचारा, “काका, कूलर काढून नवी पेस्ट लावून बघितली का? तुमच्याकडचा दुसरा कूलर लावून बघता का?” चांगल्या कारागिराला हे प्रश्न आवडतात, त्याचं काम निम्मं होतं. आणि हे न करताच नवा बोर्ड घ्या म्हणणारा भेटला, तर मशीन उचलून पुढच्या दुकानात जायला तुम्ही मोकळे आहात.

तुमच्या मशीनचा आकडा सेकंदांत चढला की मिनिटांत, आणि खोलीचं तापमान किती होतं, हे मला नक्की कळवा. पुढच्या भागात एसएमपीएसबद्दल बोलू, न उघडता. तोपर्यंत कॅबिनेट भिंतीपासून वीतभर लांब!